आलेख काढणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची रिलीजपूर्व चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिलीज कँडिडेट म्हणजे काय? बीटापेक्षा ती वेगळी कशी?

बीटा म्हणजे लोकांना चाचणीसाठी दिलेली कच्ची आवृत्ती. तीत नवीन गोष्टी अजून हलत्या असतात. रिलीज कँडिडेट निघते तेव्हा नवीन काही घालणं थांबलेलं असतं आणि फक्त दुरुस्त्या आत येतात. मोठा दोष सापडला नाही तर हीच आवृत्ती, जवळजवळ जशीच्या तशी, अंतिम म्हणून निघते. म्हणून या टप्प्यावर तुम्ही कळवलेला बग सर्वांत जास्त कामाला येतो. आधी कळवला तर ती गोष्टच बदललेली असू शकते, आणि नंतर कळवला तर तो हजारो संगणकांवर पोचलेला असतो.

मला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नाही, पायथनही जेमतेम येतं. माझा काय उपयोग?

खूप आहे, आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे लोक, वर्षानुवर्षं तेच नमुना आलेख बघतात. साइन वक्र, चार-दोन हिस्टोग्राम, एखादा पृष्ठभाग. तुमच्याकडे खरा डेटा असतो: मध्येच रिकाम्या ओळी, एका स्तंभात मोजमाप न झाल्याच्या खुणा, तारखा तीन तऱ्हेच्या, आणि आठ वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेली, अजून चालणारी स्क्रिप्ट. त्या स्क्रिप्टवर नवी आवृत्ती चालवा आणि जुना आलेख शेजारी ठेवून बघा. ज्या चाचण्या कोणाला सुचल्याच नाहीत त्या अशाच होतात.

जुनी आवृत्ती बिघडू न देता नवी कशी बसवायची?

पायथनवर चालणारी साधनं स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (बाकीच्यांपासून अलग ठेवलेल्या कप्प्यात) बसवा. पिपला (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला) ‘पूर्वप्रकाशन आवृत्त्याही चालतील’ असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो गुपचूप जुनी स्थिर आवृत्तीच उचलतो आणि तुम्ही तासभर चुकीच्या गोष्टीची चाचणी करत बसता. नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमसारखं सीमध्ये लिहिलेलं साधन सोर्सपासून (मूळ कोडपासून) बांधणार असाल तर ते वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा. काहीही करण्याआधी आवृत्ती क्रमांक छापून बघा.

आलेखाच्या सॉफ्टवेअरची चाचणी इतर सॉफ्टवेअरपेक्षा अवघड का मानतात?

कारण इथे उत्तर म्हणजे चित्र असतं. बेरजेचं फंक्शन तपासताना दोन अधिक दोन बरोबर चार एवढं बघितलं की झालं. आलेख ‘बरोबर’ आहे हे संगणकाला सांगायचं कसं?

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रोग्रॅम क्रॅश झाला तर काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांना कळतं. पण अक्षावरची खूण अर्ध्या घराने सरकली, किंवा लॉग स्केलवर (जिथे समान अंतर म्हणजे समान पट, आणि शून्याला जागाच नसते) शून्य मूल्याचे बिंदू न सांगता गळाले, तरी आलेख देखणाच दिसतो. तो अहवालात जातो, प्रबंधात छापला जातो आणि त्यावरून कोणीतरी निर्णय घेतो. म्हणून मी क्रॅशपेक्षा चुकीच्या चित्राला जास्त घाबरतो. माझ्या यादीत तसा बग नेहमी वर असतो.

चित्रांची तुलना आपोआप होते असं ऐकलं. ती कशी?

मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेखांच्या लायब्ररीत प्रत्येक महत्त्वाच्या आलेखाचं एक आधारचित्र साठवलेलं असतं. चाचणी चालली की तोच आलेख नव्याने काढला जातो, दोन्ही चित्रांमधला प्रत्येक पिक्सेल ताडला जातो आणि फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ काढलं जातं. ते ठरलेल्या मर्यादेबाहेर (हीच सहनमर्यादा) गेलं तर चाचणी नापास होते आणि फरक दाखवणारं तिसरं चित्र तयार होतं. पीडीएफ आणि एसव्हीजी फाइलींत पिक्सेलऐवजी रेघा-आकारांची वर्णनं असतात, म्हणून त्यांची तुलना थेट होत नाही. पीडीएफ घोस्टस्क्रिप्ट या आणि एसव्हीजी इंकस्केप या प्रोग्रॅममधून आधी पिक्सेलच्या चित्रात बदलतात.

यातली मोठी डोकेदुखी म्हणजे अक्षरं. फॉन्टच्या कडा गुळगुळीत करणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती बदलली की प्रत्येक अक्षराच्या कडेचे पिक्सेल जरासे बदलतात. डोळ्याला काही दिसत नाही, पण शेकडो चाचण्या एकदम लाल होतात, म्हणजे नापास ठरतात. म्हणूनच मॅटप्लॉटलिबच्या चाचण्या अनेक वर्षं फ्रीटाइप या फॉन्ट लायब्ररीच्या २.६.१ या एकाच आवृत्तीला बांधलेल्या होत्या. चाचणीत मजकुराचा संबंध नसेल तर मजकूर काढूनच तुलना करायची, ही पद्धतही त्यातूनच आली.

मग सहनमर्यादा थोडी वाढवली तर काय बिघडतं?

एक हिशोब करून बघू. ६४० गुणिले ४८० चं चित्र म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. समजा अक्षावरची एक छोटी खूण, चार काळे पिक्सेल, पूर्ण गायब झाली. प्रत्येक पिक्सेलचा फरक २५५ (काळ्या-पांढऱ्यातला पूर्ण फरक). वर्ग करून सगळ्या चित्रावर सरासरी काढली आणि वर्गमूळ घेतलं तर उत्तर येतं सुमारे ०.९. आता दुसरी बाजू बघा. फॉन्ट लायब्ररी बदलली, ३,००० पिक्सेल प्रत्येकी ६० ने बदलले, वाचणाऱ्याला काहीच जाणवलं नाही. उत्तर येतं सुमारे ५.९.

म्हणजे निरुपद्रवी बदल मोठा आकडा देतो आणि खरा बग छोटा. लाल चाचण्या हिरव्या करण्यासाठी कोणी मर्यादा सहावर नेऊन ठेवली, तर हरवलेली खूण त्याखालून आरामात निसटून जाईल. माझं मत ठाम आहे: सहनमर्यादा वाढवणारा प्रत्येक बदल माणसाने फरकाचं चित्र उघडून, मोठं करून बघितल्याशिवाय स्वीकारू नये. आधारचित्र बदलतानाही तेच. नवं चित्र ‘आता असंच येतं’ म्हणून साठवलं की त्यातली चूक पुढे प्रमाण होऊन बसते.

डेटा कोणता वापरू? नेमके कुठे बग सापडतात?

कडेला. मधला डेटा सगळ्यांनी तपासलेला असतो. मी दर वेळी हे करून बघतो.

एकही ओळ नसलेली फाइल, आणि एकच बिंदू असलेली फाइल. सगळी मूल्यं अगदी सारखी असलेली मालिका: इथे अक्षाची लांबी शून्य होते आणि कुठेतरी शून्याने भागाकार होतो. नूप्लॉट अशा वेळी व्याप्ती रिकामी असल्याची सूचना देऊन ती दोन्ही बाजूंनी थोडी रुंदावतो. अशी सूचना येते का, हेही तपासायचं असतं. मग फक्त ‘नॅन’ (‘ही संख्याच नाही’ अशी खूण) असलेला स्तंभ, मध्येच एखादा अनंत, लॉग स्केलवर शून्य आणि ऋण संख्या, उलटा फिरवलेला अक्ष. फार मोठ्या संख्येभोवतीचे बारीक फरक, म्हणजे १०,००,००,००० आणि १०,००,००,००१ च्या मधली मूल्यं: तिथे खुणांवरची लेबलं सगळी सारखीच छापली जातात का ते बघा.

अक्षावरच्या खुणांकडे जरा जास्त वेळ द्या. ०.१ ही संख्या बायनरीत, म्हणजे संगणकाच्या शून्य-एकच्या पद्धतीत, नेमकी मांडता येत नाही. कोणी खुणा काढताना उणे एकपासून सुरुवात करून प्रत्येक वेळी ०.१ मिळवत गेलं, तर दहा पायऱ्यांनंतर शून्य येत नाही. येतं ते दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं असलेलं एक क्षुल्लक ऋण मूल्य. आलेखात ते ‘उणे शून्य’ म्हणून दिसतं, किंवा लांबलचक घातांकी संख्या होऊन शेजारच्या लेबलावर चढतं. टोकाची खूण अशाच कारणाने कधी गळते, कधी एक जास्तीची येते. उपाय साधा आहे: मिळवत जाऊ नका, खुणेच्या क्रमांकाला पायरीने गुणा आणि शून्याच्या अगदी जवळचं मूल्य शून्य धरा. तरीही हा बग मला पुन्हा पुन्हा नव्या कोडमध्ये भेटलाय.

कंपायलरचे (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाचे) पर्यायही आठवणीत ठेवा. ‘फास्ट-मॅथ’ हा पर्याय कंपायलरला सांगतो की नॅन कधी येणारच नाही. मग ‘हे मूल्य नॅन आहे का’ ही तपासणीच तो काढून टाकू शकतो, आणि गाळायला हवे होते ते बिंदू आलेखात कुठेतरी जाऊन बसतात. आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय नकोच.

वेळेच्या अक्षाबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण तारीख आतून एक संख्याच असते, आणि ती कुठून मोजायची हे कोणीतरी ठरवलेलं असतं. नूप्लॉटच्या ५.० पूर्वीच्या आवृत्त्या सेकंद २००० सालापासून मोजत. ५.० पासून ते १९७० पासून मोजले जाऊ लागले. ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये तो फरक हाताने मिळवलेला होता त्यांचे आलेख तीस वर्षांनी सरकले.

मॅटप्लॉटलिबने असाच बदल २०२० मध्ये ३.३ आवृत्तीत केला. आधी दिवस जवळपास इसवी सनाच्या आरंभापासून मोजले जात. आजची तारीख त्या मोजणीत सात लाखांच्या वर जाते, आणि ६४ बिटांच्या संख्येत एवढ्या आकड्याजवळ दोन शेजारच्या मूल्यांमधलं अंतर सुमारे १० मायक्रोसेकंद पडतं. त्याहून बारीक घटना एकमेकींवर चढत. १९७० पासून मोजल्यावर ते अंतर एका मायक्रोसेकंदाच्या आत आलं.

चाचणीसाठी २९ फेब्रुवारी घ्या, २००० आणि १९०० दोन्ही घ्या (पहिलं लीप वर्ष होतं, दुसरं नव्हतं). आणि जिथे घड्याळं मागेपुढे करतात तिथल्या कालविभागातला तो एक दिवस घ्या: एक तास दोनदा येतो किंवा येतच नाही, आणि रेघ मागे वळते.

अक्षांची नावं मराठीत लिहिली की अक्षरं फुटतात. हा बग कोणाचा?

आधी तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

अक्षराच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये देवनागरीच नाही. मॅटप्लॉटलिबचा मूळ फॉन्ट, डेजावू सान्स, याच गटात मोडतो. देवनागरी असलेला फॉन्ट निवडा. पण मग एक उलटी गंमत होऊ शकते: काही फॉन्टमध्ये गणिती उणे चिन्ह नसतं, आणि लेबलं दिसू लागतात तर ऋण संख्यांपुढे चौकोन येतो. मॅटप्लॉटलिबमध्ये साधं जोडचिन्ह वापरण्याची सोय सेटिंगमध्ये आहे.

अक्षरं दिसतात पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येते, जोडाक्षर फुटून पायमोडका हलंत दिसतो, तर मजकूर जुळवणारं इंजिनच मध्ये नाही. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी असते. ती उचलून आधी मांडणं हे हार्फबझसारख्या लायब्ररीचं काम. नूप्लॉटमध्ये आउटपुटच्या प्रकाराला टर्मिनल म्हणतात; कैरो या रेखाटनाच्या लायब्ररीवर आधारलेली टर्मिनलं पॅंगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीमार्फत हे करतात, म्हणून एकाच स्क्रिप्टचा निकाल एका टर्मिनलवर नीट आणि दुसऱ्यावर फुटका येऊ शकतो.

तिसरी तऱ्हा: अक्षरं नीट आहेत, पण लेबलासाठी प्रमाणाबाहेर मोकळी जागा सुटते. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. कोणी रुंदीचा अंदाज बाइट मोजून केला असेल तर समास तिपटीने फुगतो.

चाचणीला ‘तापमान’ हा शब्द वापरू नका. तो जुळणी इंजिन नसतानाही ठीक दिसतो. ‘आर्द्रता’ घ्या: त्यात रफारही आहे आणि रकारही. ‘स्थिती’ घ्या. आणि हे आपणच तपासायला हवं. ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्या मेंटेनरला फुटलेली ‘आर्द्रता’ आणि नीट ‘आर्द्रता’ यांत काही चुकलंय हे कळणार कसं? बग कळवताना दोन्ही चित्रं शेजारी लावा आणि नेमकं कुठलं चिन्ह कुठे हवं ते बाणाने दाखवा.

पडद्यावर आलेख बरोबर आहे. फाइलही तपासायची का?

हो. पडदा, पीएनजी, पीडीएफ आणि एसव्हीजी यांचं रेखाटन करणारा कोड वेगवेगळा असतो. पारदर्शकता, तुटक रेघा, कापलेल्या कडा या तीन गोष्टी आधी बघा. जास्त घनतेच्या पडद्यावर आलेख मोठा करताना माउसची चौकट भलतीकडेच उमटते का, तेही. नूप्लॉटमध्ये ‘टेस्ट’ ही एकच आज्ञा त्या टर्मिनलचे सगळे रंग, रेघा आणि बिंदूंचे आकार एका पानावर काढते. दोन मिनिटांत बरंच कळतं.

लोकेल बदलून चाचणी करा असं का सांगतात?

लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेशानुसार संख्या, तारखा लिहिण्याची संगणकाची मांडणी. बऱ्याच भाषांमध्ये दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. संगणकाची मांडणी तशी असेल तर सीचं छपाईचं फंक्शन ०.५ च्या जागी ०,५ लिहितं. अक्षाच्या लेबलावर ते योग्यच. पण तेच जर पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठीच्या फाइलींचा एक प्रकार) किंवा एसव्हीजीच्या आतल्या निर्देशांकांमध्ये गेलं तर फाइल उघडतच नाही, किंवा एका संख्येच्या दोन होतात. जर्मन लोकेल लावून एकदा सगळे नमुने चालवा.

बग सापडला. कसा कळवू?

आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, आणि आउटपुट कुठलं (पडदा की फाइल, कुठला बॅकएंड, म्हणजे रेखाटन करणारा भाग). मग शक्य तेवढी छोटी स्क्रिप्ट. डेटा अर्धा करा, बग टिकतो का बघा. टिकला तर पुन्हा अर्धा करा. ५०,००० ओळींची फाइल अशी चार ओळींवर येते तेव्हा कारण अनेकदा स्वतःलाच दिसतं. तुमचा खासगी डेटाही यामुळे बाहेर जात नाही.

शेवटी दोन वाक्यं: काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं. ‘आलेख बिघडला’ एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. ‘सहावा बिंदू १० वर हवा होता, तो ० वर आलाय’ यावर लगेच काम सुरू होतं.

मागच्या आवृत्तीत चालत होतं, आता नाही. कुठल्या बदलाने मोडलं हे शोधता येतं?

येतं, आणि त्यासाठी कोड समजावा लागत नाही. गिटला (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाला) एक चांगली जुनी आवृत्ती आणि एक बिघडलेली नवी आवृत्ती सांगायची आणि ‘बायसेक्ट’ सुरू करायचं. तो मधली आवृत्ती काढून देतो. तुम्ही बांधता, स्क्रिप्ट चालवता, चांगली की वाईट एवढंच सांगता. हजार कमिट (नोंदलेले बदल) असले तरी साधारण दहा वेळा उत्तर द्यावं लागतं. मधली एखादी आवृत्ती बांधलीच गेली नाही तर ती वगळा. अंदाजाने चांगली-वाईट सांगू नका, कारण एक चुकीचं उत्तर सगळा शोध भलत्या दिशेला नेतं.

हा बग आहे की मुद्दाम केलेला बदल?

नूप्लॉटमध्ये १/२ चं उत्तर शून्य येतं, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच राहतो. दर काही दिवसांनी कोणीतरी हा बग म्हणून कळवतं, पण ते दस्तऐवजात नोंदलेलं वर्तन आहे. मॅटप्लॉटलिब २.० जानेवारी २०१७ मध्ये आली तेव्हा मूळ रंगपट्टी ‘जेट’ जाऊन ‘विरिडिस’ आली आणि सगळ्यांचे आलेख एका रात्रीत वेगळे दिसू लागले. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता: जेटमध्ये उजळपणा एकसारखा चढत नाही, त्यामुळे डेटात नसलेले पट्टे डोळ्याला दिसतात. तेव्हा आधी बदलांची यादी वाचा. तिथे उल्लेख नसेल तर बेलाशक कळवा. मुद्दाम केलेला बदल यादीत लिहायचा राहिला असेल तर तीही चूकच आहे.

ज्ञात बग असतानाही रिलीज का काढतात?

रिलीज अडवायची कशासाठी, हे प्रत्येक प्रकल्प आपापलं ठरवतो. माझा नियम असा. आधीच्या आवृत्तीत नसलेला आणि चुकीचं चित्र काढणारा बग असेल तर थांबा. पाच आवृत्त्यांपासून असलेला, वाट काढता येणारा बग असेल तर पुढच्या वेळी. शेवटच्या आठवड्यात घाईने घातलेली मोठी दुरुस्ती स्वतःच नवा बग घेऊन येते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की या टप्प्यावर दुरुस्ती लिहिण्यापेक्षा दोषी बदल मागे घेणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

दुरुस्ती मीच पाठवू का?

जरूर. आधी चाचणी लिहा आणि ती जुन्या कोडवर नापास होते हे स्वतः बघा. हे पाऊल लोक गाळतात. मीही एकदा गाळलं होतं, आणि माझी चाचणी दुरुस्तीशिवायही पास होत होती हे दोन आवृत्त्यांनंतर कळलं, जेव्हा तोच बग परत आला. शक्य असेल तिथे चित्र न ताडता संख्या ताडा: खुणांची जागा, अक्षाची व्याप्ती, बिंदूंची संख्या. अशी चाचणी फॉन्ट बदलला म्हणून मोडत नाही. आणि त्याच पॅचमध्ये (पाठवलेल्या दुरुस्तीत) बाकीचा कोड सजवत बसू नका.

रंगांची चाचणी करायची म्हणजे काय?

उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही. मूळ रंगक्रम बदलला असेल तर आलेख करड्या छटांत छापून बघा. दोन रेघा एकच वाटल्या तर कळवा.

अंतिम रिलीजच्या दिवशी काही तपासायचं उरतं का?

खुद्द गठ्ठा. चाचण्या सहसा गिटमधल्या कोडवर चालतात, पण लोकांकडे पोचते ती बांधलेली संकुचित फाइल, आणि नव्याने घातलेली एखादी फाइल तिच्यात समाविष्ट करायची राहिलेली असते. फॉन्ट, रंगपट्ट्या, नमुना डेटा, मदतीची पानं ही नेहमीची हरवणारी मंडळी. म्हणून कोऱ्या मशीनवर, गिटची प्रत जवळपास कुठेही नसताना, ती फाइल उतरवून घ्या, उघडा, बांधा आणि सगळे नमुने एकदा चालवा.